सीच्या आधी ए

मे महिन्यात नागपूरच्या बर्डीवरच्या दुरुस्तीच्या दुकानात जरा वेळ बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "भाऊ, हार्डडिस्क उडाली वाटते." समोर स्कूटीवर पायाशी ठेवून आणलेलं जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट. जुन्या हिशेबांसाठी आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी जपलेलं. आत कूलरच्या ओल्या हवेनं थापून बसलेली धूळ, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर'. दुकानदार काही न बोलता फ्लॉपी ड्राइव्हचं बटण दाबतो. कधी कधी आतून विसरलेली फ्लॉपी बाहेर येते आणि दुरुस्ती तिथंच संपते.

पडद्यावरचं हे वाक्य हार्डडिस्कच बोलते असं नाही. डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीत, फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या कप्प्यातच, ते लिहिलेलं असतं. आणि मशीन आधी फ्लॉपीकडे का बघतं? १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हतीच; डॉस चालायचं १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवरून. ड्राइव्हच्या नावांतली ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींनी आधीच घेतली होती. १९८३ मध्ये आयबीएमच्या पुढच्या मॉडेलसोबत, एक्सटीसोबत, १० मेगाबाइटची हार्डडिस्क आली, तिला उरलं सी. आधी ए, मग सी हा क्रम पुढं कितीतरी वर्षं बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, तसाच राहिला. मायकलअँजेलो व्हायरसचं फावलं ते यामुळंच. लागण झालेली फ्लॉपी आत राहिली आणि मशीन चालू केलं, की तो हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये शिरायचा. ६ मार्च १९९२ ला त्यानं जगभर घबराट उडवली होती.

तो पहिला सेक्टर म्हणजे जेमतेम ५१२ बाइट. त्यातले ४४६ सुरुवातीच्या प्रोग्रामचे, ६४ पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांच्या, नोंदीचे आणि शेवटचे दोन ओळखखुणेचे. एवढंच बिघडलं तरी मशीन उठत नाही, पण आतल्या फाइली जागेवरच असतात. विंडोज ९८ ची स्टार्टअप डिस्क घालून 'एफडिस्क /एमबीआर' दिलं की तो प्रोग्राम नव्यानं लिहिला जायचा. आपल्याकडे मात्र "फॉरमॅट मारून दे ना बावा" म्हणायची घाई. त्यात किती घरांचे लग्नाचे फोटो गेले असतील!

दुसरी गोम सेलची. १९८४ च्या आयबीएम एटी मॉडेलपासून डिस्कची मापं सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत राहू लागली आणि ती टिकवायला बॅटरी आली. पुढं मदरबोर्डवर दिसू लागला तो २०३२ सेल : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. फार जुन्या मशीनचा सेल मेला की ते डिस्कलाच विसरतं. सिलिंडर, हेड, सेक्टर ही डिस्कची मापं हातानं भरावी लागतात. म्हणून पडद्यावरची तारीख आधी बघायची. ती वीस-पंचवीस वर्षं मागं गेली असेल तर डिस्कला दोष देण्याआधी सेल बदलायचा. मग ४० पिनांची चपटी केबल काढून पुन्हा बसवायची. दुसरी डिस्क जोडलेली असेल तर पहिली कुठली, दुसरी कुठली हे ठरवणारे मास्टर-स्लेव्हचे जंपर, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोप्या, तपासायचे. मशीन नुसतं बीप देत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचं.

एवढं करून आतून टक्-टक् असा ठरावीक आवाज यायला लागला, तर मात्र डिस्क वाचणारं हेडच गेलं असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी दुकानदार स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतो, मागची वायर ओढतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "यातलं दुसरीकडे काही ठेवलं आहे का?"