वॉरंटी गेली की क्लेम नाकारला?

‘बाहेरचा हॉर्न बसवलास? मग गेली वॉरंटी.’ सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस हे ठामपणे सांगतो, मित्र मान डोलावतात, आणि गाडीवाला बिचारा खिशातून पैसे काढतो.

कंपनीचा पार्ट म्हणजे गाडीच्या कंपनीने दिलेला, बाहेरचा म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला. बाहेरचा म्हणजे नकली नव्हे, एवढं फक्त लक्षात असू द्या. त्या पार्टमध्येच दोष निघाला तर भरपाई पार्ट बनवणाऱ्याकडे मागायची, गाडीच्या कंपनीकडे नाही. गॅरंटी आणि वॉरंटी या शब्दांवरच्या वादात मला रस नाही. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत काय छापलंय ते वाचा.

खरी गल्लत वेगळीच आहे. वॉरंटी रद्द झाली म्हणजे उरलेल्या मुदतीत अख्ख्या गाडीवरची जबाबदारी कंपनीने झटकली. किलोमीटरचं मीटर मागे फिरवलं तर पुस्तिका अनेकदा तेच सांगते. क्लेम नाकारला म्हणजे समोरचा हा एक बिघाड ते फुकट दुरुस्त करणार नाहीत. बाकी वॉरंटी होती तिथेच आहे. ‘गेली’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो.

हॉर्नच घ्या. मूळ वायर कापून, टेप गुंडाळून बसवला आणि तिथलं वायरिंग जळलं, तर तो क्लेम नाकारणं रास्तच. पण त्याच गाडीचा गिअरबॉक्स आवाज करू लागला तर हॉर्नचा तिथे काय संबंध?

ऑइल फिल्टरचं प्रकरण जास्त अवघड. इंजिन जाम झालं, फिल्टर बाहेरचा निघाला, की ‘विषय संपला’ म्हणतात. अहो, विषय तिथे सुरू होतो! फिल्टर कापून बघायला हवा. आतला कागद फाटलाय का, सील गळलंय का, त्यामुळे ऑइलचा दाब पडला का? फिल्टर धडधाकट असेल आणि बेअरिंग मुळातच सदोष असेल, तर दोष कंपनीचाच.

रिमॅपवाल्यांबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून घेणाऱ्यांबद्दल, मात्र मला सहानुभूती नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या भागाचा, दाब वाढवायचा, टर्बो गेला की हक्कांची भाषा करायची! तरीही त्याच गाडीचा एसी कॉम्प्रेसर बिघडला तर त्यांचा क्लेम उभा राहतो, हे कबूल करावं लागतं.

आता कायदा. अमेरिकेतल्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, आपलाच पार्ट वापरा अशी अट वॉरंटीला घालता येत नाही. पार्ट फुकट दिला किंवा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने खास सूट दिली तरच घालता येते. अशाच अटींवरून या कमिशनने 2022 मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली. हाच कायदा इथल्या काउंटरवर आपटणारे बघितले की डोकं फिरतं. तो भारतात लागू नाही. इथे भारतीय स्पर्धा आयोगाचा 25 ऑगस्ट 2014 चा, 14 कार कंपन्यांविरुद्धचा आदेश बघा. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या सदोष दुरुस्तीने नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच करा, असा त्याचा रोख आहे. त्यावर पुढे अपिलं झाली. शिवाय त्यातली भाषा दुरुस्तीबद्दलची आहे, हौसेच्या फेरफारांबद्दलची नाही. आणि तुमच्या पार्टने केलेलं नुकसान कंपनीने भरावं, असं यांतलं काहीही म्हणत नाही.

म्हणून तोंडी ‘वॉरंटी गेली’ ऐकून परत फिरू नका. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, लिहून मागा: कोणता पार्ट, त्याने काय बिघडवलं, कसं. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण नव्हे. आणि काढलेला फिल्टर त्यांच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. तेल गळत असलं तरी पिशवीत घालून घरी न्या.