बंद करून आणलेले खोके आम्ही पुन्हा का उघडतो

आमच्या जळगावच्या पॅकिंगच्या दुकानात पार्सल घेऊन येणाऱ्या पुष्कळ ग्राहकांची एक तक्रार ठरलेली असते. घरी रात्री जागून, चारही बाजूंनी टेप गुंडाळून, वरून सुतळीही बांधून आणलेले खोके आम्ही काउंटरवर घेतो, एकदा कानाजवळ धरून हलवतो आणि सरळ कात्री लावून उघडतो. "भाऊ, चांगलं घट्ट बांधेल आहे, आता कशाला उघडता?" हा प्रश्न आमच्या काउंटरवरच्या मुलाला दिवसभर ऐकावा लागतो आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांसमोर त्याला त्याचे पुरे उत्तर देता येत नाही. ते उत्तर सविस्तर लिहून आपल्या हाती द्यावे, म्हणून हे माहितीपत्रक.

पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, शेवया, काळा मसाला, लोणची, शेव आणि केळीचे वेफर्स घरी तयार करून पुणे, मुंबई, सुरत, इंदूर अशा ठिकाणी पाठवणाऱ्या भगिनी आणि बचत गट हे आमचे मुख्य ग्राहक आहेत. माल कसा करावा हे त्यांना आम्ही सांगण्याचे कारण नाही. पिन कोड आणि मोबाईल क्रमांक ठळक लिहावा हेही आता सर्वांना ठाऊक आहे. तरीही माल फुटतो, आणि तो बहुतेक वेळा एकाच कारणाने फुटतो, ते म्हणजे खोक्यात राहिलेली मोकळी जागा. घरात जे खोके रिकामे असते ते घ्यायचे, त्यात निम्म्यापर्यंत माल भरायचा, वर दोन वर्तमानपत्रे चुरगाळून टाकायची आणि उरलेली सारी काळजी टेपवर सोपवायची, अशी ही पद्धत आहे. टेप खोके बंद ठेवते, परंतु आतला माल जागच्या जागी धरून ठेवणे हे टेपचे काम नाही.

सुटा माल असलेले खोके खाली पडते तेव्हा एका पडण्याचे दोन धक्के होतात. पहिला धक्का खोक्याला बसतो, आणि क्षणभराने आतला माल तळावर किंवा भिंतीवर जाऊन आदळतो, तो दुसरा. खोके शाबूत दिसते आणि आत बरणी फुटलेली असते, याचे कारण हा दुसरा धक्का होय. पडले नाही तरी गाडीच्या हादऱ्यांनी हाच प्रकार लहान प्रमाणात वाटभर चालू राहतो. जळगावहून निघालेले खोके धुळ्याला पोहोचेपर्यंत त्यातील बिबडे एकमेकांवर इतके घासलेले असतात की, ते कुठेही पडले नसतानाही तळाशी ओंजळभर चुरा जमतो.

मोकळ्या जागेचा दुसरा तोटा खोक्यालाच होतो. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याची बरीचशी ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. भार आला की बाजूंचा मधला भाग बाहेर फुगतो आणि वरच्या झडपांना तर खालून आधारच नसतो. आत माल गच्च असेल तर तो भिंतींना आणि झडपांना आतून टेकू देतो; आत पोकळी असेल तर वरचे खोके हळूहळू आत बसते. गाडीत आपल्या कुरडयांच्या वर कोणाचा मिक्सर असेल आणि कोणाचे पाणी उपसण्याच्या पंपाचे सुटे भाग असतील, हे कोणालाच ठाऊक नसते. आपले पार्सल थप्पीत सर्वांत वर राहील असे वचन कोणताही कुरिअरवाला देऊ शकत नाही, आणि आम्हीही देत नाही. खोक्यावर लाल अक्षरांत 'नाजूक माल' असे लिहिल्याने फरक पडतो, असा समज फार पसरलेला आहे. ती चिठ्ठी आम्ही मागितल्यावर विनामूल्य लावतो, कारण तिचा अपाय काही नाही.

तिसरा तोटा पैशाचा आहे आणि तो दर खेपेला होतो. बहुतेक कुरिअर कंपन्या काट्यावरचे वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे भाडे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५००० ने भागायचे, की किलोतील वजन मिळते. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, परंतु हिशेबाची रीत हीच. आता दोन किलोचा माल ४० × ३० × ३० सेंटीमीटरच्या खोक्यात भरला, तर त्याचे वजन ७.२ किलो धरले जाते. तोच माल ३० × २० × २० च्या खोक्यात नीट बसला, तर २.४ किलो. म्हणजे पहिल्या खोक्यात आपण जवळपास पाच किलो हवेचे भाडे भरता, आणि तीच हवा पुढे माल फोडते. आम्ही लहान खोके घ्यायला सांगतो ते आमची खोकी खपावीत म्हणून, असे काहींना वाटते. खोक्याची किंमत आणि भाड्यातील फरक आम्ही बिल करण्यापूर्वी शेजारी-शेजारी लिहून दाखवतो. त्यानंतर निर्णय आपला.

याचा अर्थ खोके ठासून भरावे असाही नाही. ज्या खोक्याच्या झडपा गुडघा टेकवून बंद कराव्या लागतात, त्याच्या बाजू आधीच फुगलेल्या असतात. त्यावर दुसरे खोके सरळ बसत नाही आणि वाटेत टेप मधोमध उकलते. झडपा हाताच्या हलक्या दाबाने मिटाव्यात आणि मिटल्यावर आतून काही सरकू नये, एवढेच माप पुरे आहे.

मोकळी जागा भरायची कशाने, हा पुढचा प्रश्न. चुरगाळलेले वर्तमानपत्र सुरुवातीला फुगीर दिसते, पण हादऱ्यांनी दबत जाते आणि पोहोचेपर्यंत त्याचा चपटा थर उरतो. शिवाय वर्तमानपत्राची शाई खाद्यपदार्थांना लागू नये, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वारंवार बजावले आहे. आपला मुलूख कापसाचा, त्यामुळे बरण्यांभोवती कापूस भरून आणणारे ग्राहकही आम्हाला भेटतात. कापूस वर्तमानपत्राहून लवकर बसतो आणि तेल सुटले की ते वातीसारखे ओढून सगळ्या खोक्यात पसरवतो. गव्हाचा भुसा फटींतून सांडतो आणि पार्सल घेणाऱ्याच्या बैठकीत पसरतो. आम्ही जाड तपकिरी कागद घट्ट पिळून भरतो आणि काचेसाठी बबल वापरतो. बबलची फुगे असलेली बाजू मालाकडे ठेवावी. खोक्याची भिंत आणि काचेची वस्तू यांच्यामध्ये सर्व बाजूंनी, तळाशी आणि वरही, निदान पाच सेंटीमीटरचा भराव हवा. बहुतेक ग्राहक तळ विसरतात, आणि पार्सल पहिले आदळते ते बहुधा तळावरच.

बरण्यांबाबत थोडे अधिक सांगावे लागेल, कारण बंद खोके उघडण्याचा नियम आम्ही बरण्यांमुळेच केला. दुकान सुरू केले त्या वर्षी एका ग्राहकाचे लोणच्याचे खोके त्यांच्या शब्दावर विसंबून आम्ही न उघडता पुढे पाठवले. आत बरण्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या होत्या आणि मध्ये काहीच नव्हते. त्यांतील दोन फुटल्या, आणि तेल खोक्यातून झिरपून गाडीतील इतरांच्या पार्सलांवर गेले. कुरिअर कंपनीने ती सगळी भरपाई आमच्याकडून घेतली आणि लोणचेवाल्या ग्राहकांना मात्र एक पैसाही मिळाला नाही, कारण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत अपुऱ्या पॅकिंगची जबाबदारी कंपनीवर नाही असे छापलेले असते. तेव्हापासून आमची शिफारस अशी आहे की, बरणी गळ्यापर्यंत भरू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद गाडीत त्याहून अधिक उष्णता असते. तेल तापले की प्रसरण पावते आणि वर जागा नसेल तर झाकणाच्या आट्यांतून बाहेर येते. झाकण लावण्यापूर्वी बरणीचे तोंड कोरड्या फडक्याने पुसावे, झाकणावर टेपचा एक वेढा द्यावा, प्रत्येक बरणी स्वतंत्र पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) बांधावी आणि दोन बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचा पडदा ठेवावा. एवढे केल्यावर एक बरणी फुटली तरी बाकीचा माल वाचतो.

बिबडे आणि पापड यांची चवड आडवी ठेवून तिच्या खाली-वर त्याच आकाराचा पुठ्ठा कापून घालावा आणि चवड पन्नीत सैल न ठेवता घट्ट गुंडाळावी. कुरडयांचे मात्र कौशल्याचे काम आहे. कुरडई दाबली तर मोडते आणि मोकळी सोडली तरी मोडते. म्हणून कुरडया आधी एका लहान खोक्यात एकमेकींत बसतील अशा रचाव्यात आणि ते खोके मोठ्या खोक्यात भरावासह ठेवावे. यात आकारमान वाढते आणि एक किलो कुरडयांना तीन-चार किलोचे भाडे का, असा प्रश्न येतो. कुरडई हा मुळातच निम्मा हवेचा पदार्थ आहे, त्याला आमचा इलाज नाही. ते भाडे मालाच्या किमतीत आधीच धरावे, हे बरे. कुरडया आणि लोणच्याची बरणी एकाच खोक्यात मात्र कधीही पाठवू नये, मग ग्राहकाने एकत्र मागवलेले असले तरीही.

जुन्या खोक्यांना आमचा सरसकट विरोध नाही. कोरडे, कोपरे न मोडलेले आणि वास नसलेले खोके आपण आणलेत, तर आम्ही फक्त टेप आणि भरावाचे पैसे घेतो. परंतु साबणाच्या खोक्यातून गेलेल्या पापडांना साबणाचा वास लागतो. केळीच्या आणि सफरचंदाच्या खोक्यांना हवेसाठी भोके ठेवलेली असतात. ती फळांसाठी योग्य, मसाल्यासाठी नाहीत. मद्याच्या बाटल्यांचे खोके, आतील पडद्यांसह, बरण्यांसाठी खरोखर उत्तम असते. फक्त आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) लोणचे लेकीच्या सासरी पाठवताना वरची छपाई झाकावी, एवढी सूचना आम्ही अनुभवाने करतो. जुन्या खोक्यावरील आधीचे लेबल आणि बारकोड पूर्ण खरवडून काढावे किंवा काळ्या शाईने बुजवावे, अन्यथा कुरिअरच्या छाननी केंद्रातील यंत्र जुनाच बारकोड वाचते आणि पार्सल भलतीकडे जाते.

पुठ्ठ्याची निवड कठीण नाही. पाच किलोपर्यंतच्या कोरड्या मालाला तीन प्लायचे (तीन थरांचे) नवे खोके चालते. बरण्या असतील किंवा वजन त्यापुढे असेल तर पाच प्लायचे घ्यावे. पावसाळ्यात मात्र हलक्या मालालाही आम्ही पाच प्लाय सुचवतो आणि आत पन्नीचे अस्तर घालतो, कारण दमट हवेत पुठ्ठा ओलावा ओढून घेतो आणि फार दमट हवेत त्याची भार पेलण्याची ताकद जवळपास निम्मी होते. टेप मधल्या सांध्यावर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर, इंग्रजी एच अक्षराच्या आकारात, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना लावली की पुरते. पुठ्ठ्यावर धूळ किंवा तेलकट बोटे लागलेली असतील, तर टेपचे पूर्ण रीळ गुंडाळले तरी ती धरत नाही. सुतळी कृपया बांधू नये. ती कोपऱ्यांत रुतून पुठ्ठा कापते आणि केंद्रातील सरकत्या पट्ट्यावर अडकते.

आमच्या पॅकिंगची खात्री करून घ्यायची असेल, तर अवश्य मागणी करावी. पार्सलांसाठी इस्टा या आंतरराष्ट्रीय संस्थेची एक प्राथमिक चाचणी आहे. तिच्यात सुमारे साडेनऊ किलोच्या आतील पार्सल ७६ सेंटीमीटर उंचीवरून दहा वेळा पाडतात, म्हणजे एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, परंतु काउंटरची उंची त्याहून थोडी जास्तच आहे आणि फरशी शहाबादी आहे. नवीन प्रकारचा माल प्रथमच पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी आम्ही एक नमुना खोके भरून त्यांच्यादेखत अशा रीतीने पाडून पाहतो आणि उघडून दाखवतो. त्याचे शुल्क घेत नाही; नमुन्याचा माल तेवढा आपला.

आता वेळेविषयी. कुरिअरची गाडी आमच्याकडे सायंकाळी साडेपाचला येते आणि ती कोणासाठी थांबत नाही. बंद खोके उघडणे, त्यातील माल काढणे, योग्य मापाचे खोके काढून पुन्हा भरणे आणि लेबल बदलणे यात एका पार्सलमागे पंधरा ते वीस मिनिटे जातात. पाच वाजता अशी चार खोकी एकदम आली, तर चौघांचेही पार्सल दुसऱ्या दिवसावर जाते, आणि ज्यांनी माल व्यवस्थित आणलेला असतो त्यांनाही उगाच ताटकळावे लागते. म्हणून विनंती अशी की, माल घरून पिशवीत किंवा टोपलीत सुटा आणावा, अथवा खोक्यात भरला असल्यास झडपा उघड्या ठेवून आणावा. टेप आमच्याकडे भरपूर आहे. माल, पॅकिंग आणि बंद खोके यांची छायाचित्रे आम्ही आपल्या मोबाईलवर लगेच पाठवतो. पुढे भरपाई मागण्याची वेळ आली, तर हीच छायाचित्रे कामास येतात.

नियमित माल पाठवणाऱ्यांसाठी त्यांच्या डब्यांच्या आणि बरण्यांच्या मापाची खोकी आम्ही शंभरच्या संख्येने बनवून देतो. त्यासाठी प्रत्येक वस्तूचा एक नग दुकानात आणून मोजून घ्यावा. आखाजीच्या आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दुपारी तीनपर्यंत यावे. त्या दिवसांत उघड्या खोक्यांची आणि बंद खोक्यांची रांग वेगळी असते, आणि उघड्या खोक्यांची रांग आधी घेतली जाते.