जुन्या मोटारींत इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरणे : दोषनिदान

पेट्रोल गळून किंवा न जळता चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातल्या) इंजिन ऑइलपर्यंत पोचणे हा दोष यांत्रिक इंधन पंप आणि कार्बोरेटर (हवा व पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) असलेल्या जुन्या मोटारींत वारंवार आढळतो. ऑइल पातळ होते, बेअरिंग व कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यावरचा तेलाचा थर टिकत नाही आणि क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद पोकळीत) पेट घेऊ शकणारी वाफ साठते. दुरुस्ती बहुधा सोपी असते. पेट्रोल कोणत्या वाटेने आले हे ठरवणे कठीण. ती वाट न शोधता फक्त ऑइल बदलले, तर नवे ऑइलही तसेच बिघडते.

थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरणे अटळ आहे. थंड इंजिन चालू करताना चोक (हवा कमी करणारी झडप) ओढलेला असतो, मिश्रण दाट असते आणि सिलिंडरच्या गार भिंतींवरचे पेट्रोल पिस्टन रिंगांमधून खाली झिरपते. पेट्रोल सुमारे ३५ ते २०० अंश सेल्सिअस या पट्ट्यात उकळते. त्यामुळे लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापले की पेट्रोलचे हलके घटक ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) उडून जातात, जड घटक मागे राहतात. दुसऱ्या महायुद्धातील विमानांत कडाक्याच्या थंडीत इंजिन बंद करण्यापूर्वी ऑइलमध्ये मुद्दाम पेट्रोल सोडण्याची सोय असे, ती याच गुणधर्माच्या भरवशावर. मोटारीच्या ऑइलमध्ये साधारण २ टक्क्यांपर्यंत पेट्रोल चालवून घेतात. ५ टक्के म्हणजे गाडी थांबवण्याची वेळ. फोक्सवॅगन बीटलमध्ये जेमतेम अडीच लिटर ऑइल मावते, म्हणजे तिथे सव्वाशे मिलिलिटर पेट्रोल एवढ्या मजलेला पुरते. १९५९ पासूनच्या मूळ मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, तेव्हा पातळ ऑइलची झळ गिअरनाही बसते.

डिपस्टिकवरची (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी चढणे हे सर्वांत बोलके लक्षण. मात्र तेल खाणाऱ्या इंजिनाची पातळी महिनोन्महिने जागची हलत नसेल, तर तेही संशयास्पद आहे, कारण जळलेल्या ऑइलची जागा पेट्रोल भरून काढत असू शकते. पाणी शिरल्यानेही पातळी वाढते, पण पाण्याने ऑइल दुधाळ होते. पेट्रोलने ते फक्त पातळ होते. गरम इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर सोडून मंद वेगावर) असताना ऑइलचा दाब नेहमीपेक्षा खाली दिसू लागतो. वास जरूर घ्यावा, मात्र केवळ त्यावर निकाल देऊ नये : थंडीत थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीच्या ऑइललाही पेट्रोलचा वास येतो. त्याच ग्रेडचे ताजे ऑइल आणि गाडीतले ऑइल, दोन्ही सारख्याच तापमानाला, टिपकागदावर एकेक थेंब टाकून पाहणे जास्त उपयोगाचे. पेट्रोल मिसळलेला थेंब चटकन पसरतो आणि त्याच्या कडेला फिकट वलय उमटते. ऑइलने भिजवलेला कागद पेटवून पाहण्याची पद्धत काही जण सांगतात. ती कधीही वापरू नये.

निदानाची खरी किल्ली वेळेत आहे : पातळी गाडी उभी असताना वाढते की चालताना? गाडी सपाट जागेवर लावावी, ऑइल पूर्ण खाली उतरू द्यावे, दोनेक तासांनी पातळी पाहून खूण करावी आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा पाहावी. उभ्या गाडीत पातळी चढली, तर पेट्रोल टाकीच्या उंचीमुळे आपोआप उतरत आहे. दुसऱ्या रात्री टाकीकडून येणारी नळी बंद करून तीच मोजणी केल्यास खात्री पटते. तिसऱ्या रात्री टाकीची नळी उघडी ठेवून पंपानंतरची नळी काढावी आणि पंपाचे तोंड घट्ट बंद करावे. तरीही पातळी वाढली तर दोष पंपात, थांबली तर कार्बोरेटरमध्ये. एवढा धीर धरला तर निम्मे सुटे भाग विनाकारण बदलावे लागत नाहीत.

यांत्रिक पंपात कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक लिव्हर हलवतो आणि लिव्हर डायफ्राम (लवचीक पडदा) ओढतो. डायफ्रामच्या वर पेट्रोल असते, खालची पोकळी थेट इंजिनात उघडते. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर डायफ्राम १,५०० वेळा हलतो, आणि सुईएवढ्या भोकातूनही पेट्रोल साचत जाते. अनेक पंपांच्या खालच्या भागात एक बारीक भोक ठेवलेले असते. डायफ्राम फाटला की पेट्रोल तिथून बाहेर टपकून इशारा मिळावा, हा त्याचा हेतू. चिखल-ग्रीसने ते बुजले की पेट्रोल आतल्या बाजूला वळते, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी. पंप काढून लवचीक नळ्यांनी जोडावा, लिव्हर काही मिनिटे हाताने चालवावा आणि खालची बाजू ओली होते का ते बघावे. जुन्या रबराचे डायफ्राम इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे लवकर हार मानतात.

पंप धड असूनही दोषी असू शकतो. कार्बोरेटरला सहसा ०.१५ ते ०.३५ बार इतकाच दाब लागतो. बदललेला पंप जास्त जोराचा असेल किंवा पंपाखालचे गॅस्केट चुकीच्या जाडीचे असेल, तर नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई) आपल्या जागेवरून उचलला जातो आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. दाब गेजने मोजल्याशिवाय कार्बोरेटरला दोष देऊ नये.

कार्बोरेटरमध्ये नीडल व्हॉल्व्हखाली कचरा अडकणे, व्हॉल्व्ह झिजणे आणि फ्लोट (तो व्हॉल्व्ह बंद करणारा तरंगता भाग) जड होणे ही नेहमीची कारणे. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला की आतले पेट्रोल ऐकू येते; गरम पाण्यात बुडवल्यास भोकाच्या जागी बुडबुडे येतात. फोमचा फ्लोट पेट्रोल शोषून जड होतो, तो वजन करूनच ओळखावा. इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने पाहावे : नोझलमधून थेंब पडत राहिले तर वाट सापडली. तापलेले इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थेंब पडून थांबले, तर ते बहुधा उष्णतेने उकळलेले पेट्रोल असते. कार्बोरेटर कसा बसवला आहे हेही महत्त्वाचे. घसा खाली उघडणाऱ्या कार्बोरेटरमधून सांडलेले पेट्रोल मॅनिफोल्डमार्गे (मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमार्गे) सिलिंडरमध्ये जाते. फोर्ड मॉडेल ए मध्ये टाकी उंचावर असून पंप नाही, पण मिश्रण खालून वर जाते, त्यामुळे ओव्हरफ्लो झालेले पेट्रोल बाहेर जमिनीवर पडते.

पातळी फक्त चालताना वाढत असेल आणि पंप निर्दोष ठरला असेल, तर चोक अडकणे, मिश्रण दाट असणे, मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे) किंवा झिजलेल्या रिंग यांकडे वळावे. सगळे प्लग काळे तर कार्बोरेटर. एकच ओला तर त्या सिलिंडरचे इग्निशन. कॉम्प्रेशन चाचणीवर (सिलिंडरमधला दाब मोजण्यावर) या टप्प्यावर फार विसंबू नये, कारण पेट्रोलने धुतलेल्या भिंतींमुळे चांगल्या रिंगही वाईट दिसतात.

इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) जुन्या गाड्यांत कोल्ड स्टार्ट इंजेक्टर (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा) गळणे किंवा प्रेशर रेग्युलेटरचा (इंधनाचा दाब राखणाऱ्या भागाचा) डायफ्राम फाटणे ही कारणे आढळतात. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर आत पेट्रोल दिसले तर निदान झाले. १९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल मध्ये दोष रचनेतच होता : इग्निशन बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल फवारत राही आणि ते सिलिंडरच्या भिंती धुऊन ऑइलमध्ये जाई.

पेट्रोल मिसळल्याची शंका आली की इंजिन चालू करू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल तर ते दाबले जात नाही आणि स्टार्टरच्या जोरानेच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. बॅटरी सोडवून, सगळे प्लग काढून, इंजिन आधी हाताने फिरवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. ऑइल मोकळ्या हवेत काढावे, आसपास ठिणगी उडेल असे काहीही नसावे. दोष दूर झाल्यावर ऑइल आणि असल्यास फिल्टर बदलून डिपस्टिकवर पुन्हा खूण करावी, आणि रात्रीची मोजणी व एका लांब फेरीनंतरची मोजणी जुळल्यावरच कॉम्प्रेशन तपासून रिंगांबद्दल मत बनवावे.