शिडाची नौका रुतणे

शिडाच्या नौकेचा तळ वाळूला, चिखलाला किंवा खडकाला टेकून ती जागच्या जागी अडकली, की नौका रुतली किंवा लागली असे म्हणतात. भरती-ओहोटीच्या पाण्यात वावरणाऱ्या दर्यावर्दीच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच. तळ मऊ असेल आणि लाटा नसतील, तर त्यात धोका थोडा आणि खोळंबा फार. पुढच्या भरतीला पाणी चढते आणि नौका आपोआप तरंगू लागते. त्यामुळे रुतलेल्या नौकेवर सर्वांत आधी हातात घ्यायचे ते भरतीचे कोष्टक.

मऊ तळावर नौका लागल्याचा आवाज होतोच असे नाही. सुकाणू जड लागते, वेग मंदावतो, नौकेने मागे सोडलेल्या लाटा तिला गाठून पुढे निघून जातात आणि ओट्यावरची किटली हलकेच पुढे सरकते. खडकावर लागली तर मात्र शंका उरत नाही.

वेळेचा हिशेब

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. पाणी चढत असताना लागलेली नौका काही मिनिटांत सुटते. अनोळखी खाडीत चढत्या पाण्यावरच शिरावे, या जुन्या सल्ल्याचे कारण हेच. ओहोटीत लागली तर ढोबळ हिशेब असा : पूर्ण भरतीनंतर जितक्या वेळाने रुतली, साधारण तितकाच वेळ पुढच्या भरतीच्या आधी ती सुटेल. सकाळी ९ वाजता पूर्ण भरती होती आणि ११ वाजता नौका लागली, तर पुढची भरती रात्री ९.२५ ला आणि सुटका ७.२५ च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ साडेआठ तासांची बैठक.

पाणी एकसारख्या गतीने उतरत नाही. याचा अंदाज बाराव्या हिश्शाच्या नियमाने करतात. ओहोटीच्या सहा तासांत एकूण उताराचे अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक असे बारावे हिस्से जातात. भरती-ओहोटीतला फरक ४ मीटर असेल, तर एकट्या तिसऱ्या तासात १ मीटर पाणी उतरते. मिनिटाला दीड सेंटीमीटरहून जास्त. शिडे उतरवायची की इंजिन लावायचे, या वादात दहा मिनिटे गेली की नौका पंधरा सेंटीमीटरने अधिक पक्की बसलेली असते.

सर्वांत वाईट घटका म्हणजे ऐन उधाणाच्या भरतीचा माथा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. उधाणाच्या माथ्यावर लागलेल्या नौकेला पुढची प्रत्येक भरती थोडी थोडी कमी पडत जाते आणि पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, थांबावे लागते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळची उधाणे सर्वांत मोठी असतात. त्यांच्या माथ्यावर अडकलेल्यांचा मुक्काम काही महिन्यांचाही होऊ शकतो. कोष्टकातला आकडा हवामानही बदलते. हवेचा दाब १ मिलिबारने घटला की पाणी सुमारे १ सेंटीमीटर चढते. किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात भर घालतो, उलट वारा तेच पाणी ओढून नेतो.

एकाच दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, आणि याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजाचे. ११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर ते भरतीच्या वेळीच प्रवाळात अडकले. सहा तोफा, नीरमासाठी (जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी ठेवायच्या वजनासाठी) भरलेले लोखंड व दगड, पिंपे असे ४०-५० टन वजन समुद्रात फेकूनही दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला जहाज हलले नाही. त्या भरतीचे पाणी सुमारे दीड फुटाने कमी पडले. रात्रीची भरती अधिक उंच आली आणि जवळजवळ २३ तासांनी जहाज सुटले. दुरुस्तीसाठी ते किनाऱ्यावर घेतले तेव्हा तळाच्या भोकात प्रवाळाचा एक तुकडा मोडून बुचासारखा बसलेला आढळला. फेकलेल्या तोफा १९६९ मध्ये सापडल्या.

भरतीची सवयच नसलेल्यांचे काय होते, हे त्याच्याही दोन हजार वर्षे आधी दिसले होते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी नगण्य. तिथून आलेला अलेक्झांडरचा काफिला इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधू नदीच्या मुखाजवळ नांगरून पडला होता. ओहोटीने जहाजे कोरडी पडली तेव्हा सैनिक चक्रावले आणि पाणी परत आले तेव्हा त्याहून जास्त. चिखलात सरळ बसलेली जहाजे अलगद उचलली गेली. कठीण जमिनीवर कललेली एकमेकांवर आदळून फुटली.

पहिली काही मिनिटे

शिडांत वारा असेल तर तो नौकेला आणखी वर ढकलतो, म्हणून दोर ताबडतोब मोकळे सोडतात. फिन कीलची, म्हणजे तळाखाली मधोमध एकच जड पाते (कील) असलेली, नौका कलती केली की तिला लागणारे पाणी कमी होते; १.८ मीटर पाणी लागणारी नौका २५ अंश कलली तर ढोबळमानाने १.६ मीटरवर भागते. त्यासाठी बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, बाजूला काढून तिच्यावर माणसे बसवतात. दोन बाजूंना दोन कील असलेल्या जोडकीलच्या नौकेवर हाच प्रयोग अंगाशी येतो, कारण कलल्यावर तिची एक कील आणखी खोल जाते. इंजिन मागे लावून पाहतात, पण ते फार वेळ चालवू नये. थंड करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर वाळू आणि चिखल आत ओढला जातो.

जमले नाही तर डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, नांगर खोल पाण्याच्या दिशेला नेऊन टाकतात. तो लगेच उपयोगी पडला नाही तरी वाया जात नाही. पाणी परत येते तेव्हा नौकेला अधिक वर सरकू न देणारा तोच एक आधार असतो.

बैठक

प्रयत्न थांबवून थांबायचे ठरले, की नौकेला नीट निजवायचे काम उरते, आणि ते उशिरा सुचून चालत नाही. उतारावर ती वरच्या, म्हणजे उथळ बाजूला कलली पाहिजे. खोल बाजूला पडली तर ती जास्त आडवी होतेच, शिवाय भरती आल्यावर ती उचलली जाण्याआधीच कडेवरून पाणी आत शिरू शकते. म्हणून वजने, माणसे आणि बूम वेळेवर उथळ बाजूला नेतात. जिथे पोट टेकणार तिथे दगड दिसले तर गाद्या किंवा गुंडाळलेली शिडे खाली सारतात. तळाचे व्हॉल्व्ह आणि गॅस बंद करतात, बॅटऱ्या घट्ट बांधतात, इंधनाच्या टाकीची हवानळी कुठल्या बाजूला आली ते पाहतात.

मग खरी बैठक. फरशी भिंत होते आणि कपाटाचे दार जमीन. आसपासचा चिखल बारीक बुडबुडे फोडत राहतो. वेळ घालवायला खाली उतरून नौकेचा तळ खरवडणारे पुष्कळ असतात आणि कडक वाळूवर त्यात वावगे काही नाही. चिखलात मात्र पाय टाकू नये. माणूस मांडीपर्यंत रुततो. वाळूच्या पुळणीवरही भरती आधी मागच्या घळींतून भरते आणि परतीची वाट पाण्याखाली जाते.

समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रुतलेल्या जहाजाने दिवसा एकाखाली एक तीन काळे गोळे आणि रात्री नांगराच्या दिव्यांखेरीज दोन लाल दिवे दाखवायचे असतात. १२ मीटरहून लहान नौकांना या गोळ्यांतून आणि लाल दिव्यांतून सूट आहे.

हे सारे काही लोक हौसेने करतात. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतच्या वाडन समुद्रात सपाट तळाच्या नौका मुद्दाम ओहोटीत कोरड्या बसवतात. त्या कलत नाहीत. कील नसते, दोन्ही बाजूंना उचलता येणाऱ्या फळ्या असतात. त्यांच्या दृष्टीने रुतणे हा फुकटचा बंदर-मुक्काम.

सुटका

पाणी परत येऊन नौका पूर्ण तरंगेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास सर्वांत धोक्याचा. ती अर्धवट उचलली जाते आणि प्रत्येक लाटेबरोबर तळावर आपटते. उघड्या किनाऱ्यावर वारा असेल तर शांत ओहोटीत धडधाकट बसलेली नौका याच अवधीत फुटते. नांगराचा दोर ताणलेला ठेवून जसजसा सैल पडेल तसतसा ओढत राहतात. गाळात बसलेला तळ पटकन सुटत नाही. चिखल त्याला धरून ठेवतो आणि माणसांनी या कडेहून त्या कडेला पळत नौका डोलवली की तो सोडतो. मदतीला आलेल्या दुसऱ्या नौकेचा दोर घेतला तर तो नुसत्या खुंटीला न बांधता डोलकाठीच्या बुडाशी किंवा भक्कम जागी बांधावा, कारण ओढीने खुंटी उखडून येऊ शकते.

नौका खोल पाण्यात आली की सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहतात, इंजिनाच्या पाण्याची गाळणी साफ करतात आणि फरशीच्या फळ्या उचलून कीलच्या बोल्टांपाशी ओल आहे का ते बघतात. तिथे पाणी साचलेले दिसले तर हाताचे बोट बुडवून चाखायचे. गोडे लागले तर कलल्यामुळे टाकी सांडली आहे; खारट लागले तर पंप सुरू करून जवळचे बंदर गाठायचे.