जुन्या मोटारींतील चार्जिंगचे दोषनिदान

इंजिन चालू असताना बॅटरी पुन्हा भरणाऱ्या यंत्रणेतला बिघाड मोजमापाने शोधण्याची पद्धत. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाट ११०० वरून आलेली पद्मिनी यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांत अल्टरनेटर (आजच्या गाड्यांत वीज बनवणारे यंत्र) नव्हता. वीज बनवणारा डायनॅमो आणि त्याच्या जोडीला कटआऊट-रेग्युलेटरची डबी असे; कटआऊट हा डायनॅमो वीज देत नसताना त्याला बॅटरीपासून तोडणारा आपोआप चालणारा स्विच, तर रेग्युलेटर व्होल्ट आटोक्यात ठेवतो. नागपुरात अशा गाड्या आजही जपून वापरणारे लोक आहेत. सकाळी सेल्फ लागला नाही की नवी बॅटरी आणणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगाचा इलाज होय. भरणारा डायनॅमोच बंद असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते.

तपासणीची सुरुवात मात्र बॅटरीपासूनच करावी. रात्रभर उभ्या गाडीतली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती बरीच रिकामी झालेली असते. बॅटरीतल्या आम्लाची घनता हायड्रोमीटरने (घनता मोजणाऱ्या नळीने) पाहताना नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरावाच लागतो. भारतात हे वाचन २७ अंश सेल्सिअसला प्रमाण मानतात. त्यावरच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.०००७ मिळवायचे असतात. मे महिन्यात आम्ल ४५ अंशांवर असेल, तर १.२४० हे वाचन खरे तर १.२५३ ठरते. हा हिशेब न करता धडधाकट बॅटरी बाद करू नये. या दिवसांत बॅटरीतले पाणीही झपाट्याने उडते. प्लेटा उघड्या पडण्याआधी डिस्टिल्ड वॉटर घालावे, बोअरचे पाणी कधीही नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर फार विसंबू नये. तो बॅटरीची बाजू आणि डायनॅमो यांच्यामध्ये जोडलेला असतो आणि दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की विझतो. बॅटरीत किती करंट जातो आहे, हे त्यावरून कळत नाही. इंजिन जरा वाढवून बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे. दिवा चालत्या गाडीत मंद पेटत राहिला, तर कटआऊटचे पॉइंट जळालेले किंवा एखादे टोक सैल असण्याचा संशय घ्यावा. फॅन बेल्ट मध्यावर दाबून साधारण अर्धा इंच झुकावा. अर्थिंगच्या पट्टीचे गंजलेले टोक घासून घ्यावे.

डायनॅमोची खरी परीक्षा लुकास (ब्रिटिश विद्युत-सामान कंपनी) पद्धतीच्या गाड्यांत फार सोपी आहे आणि ती प्रत्येक मालकाला यायला हवी. डायनॅमोवरच्या डी (वीज बाहेर देणारे) आणि एफ (चुंबक तयार करणाऱ्या फिल्ड कॉइलचे) या दोन्ही टोकांच्या वायरी काढाव्यात, ती टोके तारेने एकमेकांना जोडावीत आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावावा. इंजिन हळूहळू वाढवले की काटा न थरथरता भराभर चढला पाहिजे. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास थांबावे. २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये. काटा हललाच नाही, तर कार्बन (फिरत्या भागाला टेकणारे ब्रश) अडकले किंवा झिजले आहेत. अर्धा-एक व्होल्ट येत असेल, तर तो केवळ उरलेल्या चुंबकत्वाचा असतो. अशा वेळी फिल्ड कॉइल पाहावी. काटा चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा फिरता भाग, तपासावा. या चाचणीत डायनॅमो चांगला निघाला, तरच रेग्युलेटरचे झाकण उघडावे. कटआऊटचे पॉइंट साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला मिटतात, म्हणजे जोडले जातात. मीटर न लावता त्याचे स्क्रू फिरवणे म्हणजे चांगली डबी हाताने बिघडवणे. काही अमेरिकन गाड्यांत एफ टोक बॉडीला टेकवून चाचणी करतात, म्हणून आधी गाडीची वायरिंग पाहावी.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर कटआऊटचे पॉइंट चिकटून करंट उलटा डायनॅमोत जात असू शकतो. तसे आढळले तर बॅटरीची वायर लगेच काढावी, नाहीतर आर्मेचर जळते.

काही वेळा बिघाड नसतोच. २२ अँपिअरचा डायनॅमो १२ व्होल्टच्या हिशेबाने २६४ वॅट देतो, तोही इंजिन वेगात असताना. आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) तो जवळजवळ काहीच देत नाही. रामटेकच्या मोकळ्या रस्त्यावर भरलेली बॅटरी संध्याकाळी व्हरायटी चौकाच्या गर्दीत, मागाहून बसवलेल्या हॅलोजन दिव्यांसह, उतरू लागते. तिथे दिव्यांचा भार कमी करणे हाच उपाय.

बराच काळ बंद पडलेल्या डायनॅमोचे चुंबकत्व गेलेले असू शकते. एफ टोकाची वायर काढून तिथे बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर टेकवली की ते परत येते. अल्टरनेटरवर हा प्रयोग मुळीच करू नये, आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायरही काढू नये; दोन्हींत अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाण्याचा धोका असतो. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेल्या) जुन्या ब्रिटिश गाडीत नेहमीचा अल्टरनेटर बसवायचा असेल, तर आधी अर्थिंग निगेटिव्ह करावे लागते आणि त्यासोबत इग्निशन कॉइलच्या व अ‍ॅमीटरच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात.