परीक्षा-लेखनिक

ज्याला पेपर स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही त्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून तो सांगेल ते, आणि तेवढंच, उत्तरपत्रिकेत उतरवणारा माणूस म्हणजे लेखनिक. मुंबईच्या कॉलेजांत हा शब्द अर्जावरच दिसतो, बोलताना सगळे 'रायटर' म्हणतात.

शब्दाबद्दल थोडं. कायद्याच्या इंग्रजीत ॲमॅन्युएन्सिस असा शब्द आहे, तो लॅटिनमधला, लिहून घ्यायला हाताशी ठेवलेला गुलाम असा त्याचा जुना अर्थ. आपल्याकडे हे काम मानाचं होतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२ मध्ये टीका झाली आणि सच्चिदानंदबाबा आदराने 'लेखकु' झाले असं येतं, म्हणजे तिथे लेखक हा रचणारा नाही, सांगितलेलं उतरवणारा आहे, त्यामुळे मुलं रायटर म्हणतात त्यात काही चूक नाही. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही गोष्ट जास्त सांगितली जाते, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत धरलेली नाही, मागाहूनची मानली, म्हणून दाखला द्यायचाच तर सच्चिदानंदबाबांचा बरा. तरी त्या गोष्टीतली व्यासांची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आजचा नियम नेमका उलटा आहे, ते पुढे येईल.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात कलम ३१ नुसार अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक देणं शिक्षणसंस्थांवर बंधनकारक झालं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही स्पष्ट लिहिलेत. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत वेळेचा हिशोब ठरला, तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. याला 'एक्स्ट्रा टाइम' म्हणू नये, भरपाई वेळ म्हणावं असं त्याच सूचनांत आहे आणि ते अगदी बरोबर आहे, कारण प्रश्न वाचून घेणं, स्पेलिंग सांगणं, लिहिलेलं परत ऐकणं, खोडायला लावणं यात ही मिनिटं जातातच, ती कुणाला बक्षीस मिळालेली नाहीत.

खरा वाद लेखनिकाच्या शिक्षणाचा. २०१३ मध्ये लेखनिकाचं शिक्षण, मार्क, वय कशाचीच अट नव्हती. २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत आलं की स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं. हेतू कॉपी रोखायचा, तो चुकीचा नाही, पण नियम लिहिला गेला भरती आणि स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून आणि कॉलेजं तोच लावतात, मग टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला अकरावी-बारावीतलं पोर बसतं, त्याला सिग्मा हे बेरजेचं चिन्ह म्हणजे काय माहीत नाही आणि चिन्ह कसं काढायचं हे सांगण्यात भरपाईचा वेळ संपतो. लेखनिकाच्या अज्ञानाची किंमत परीक्षार्थी मोजतो, कॉपी रोखायला स्वतंत्र खोली आणि जागरूक पर्यवेक्षक हा उपाय जास्त न्यायाचा वाटतो.

लेखनिक कोणाला, यावरही बदल झाला. आधी ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर नकार मिळायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा आजार) असलेल्या, दिव्यांगत्वाचं ६ टक्केच प्रमाण लिहून मिळालेल्या उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला, लिहायला अडचण आहे का हे बघा, टक्के नंतर, असा त्याचा आशय. त्यावरून ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांच्या आतल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. लर्निंग डिसॅबिलिटीवाल्या, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यात अडचण असलेल्या, मुलांना याचा उपयोग मोठा, मुंबईत त्यांची तपासणी सायनच्या पालिका रुग्णालयात होते.

शहरात या कामाला जुना आधार आहे, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची, वरळीचं नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ पासूनचं, आणि सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी रिसोर्स सेंटर आहे. तरी ऐन परीक्षेत रायटर मिळत नाहीत, कारण ज्यांना विचारायचं त्यांचेही पेपर त्याच दिवसांत, आणि जो हो म्हणतो तो अंबरनाथहून येणार, त्याची लोकल लेट झाली की संपलं. अचानक लेखनिक बदलायची मुभा आहे, हे परीक्षा केंद्रावर सांगावं लागतं.

मराठी घेतलेल्यांचा प्रश्न वेगळाच. रायटर इंग्रजी माध्यमातला असला की 'वाङ्मय' सांगितल्यावर तो पेन उचलून बघत बसतो, जोडाक्षरं फोडून सांगावी लागतात, ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क जातात ते सांगणाऱ्याचे, ज्याला ती चूक दिसतही नाही. प्रत्येक पेपरला, विशेषतः भाषांच्या, वेगळा लेखनिक घेता येतो हे २०१३ पासून नियमात आहे. लेखनिक परीक्षा घेणारे देणार असतील तर २०१८ च्या सूचनांनुसार दोन दिवस आधी त्याला भेटता येतं, त्या भेटीत त्याच्याकडून मराठीचं अर्धं पान लिहून घ्यावं आणि ते कुणाकडून तरी तपासून घ्यावं, बदलायचा असेल तर वेळ तेवढाच असतो.