ॲक्सेस पॉइंटचे फर्मवेअर : दोष, तोडगे आणि २०१५ चे कुलूप

वायफायचा सिग्नल देणारे उपकरण म्हणजे ॲक्सेस पॉइंट (घरातल्या राउटरमध्ये तो असतोच), आणि त्याच्या आत कायम बसवलेला, त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. वायफायमधला मूळ दोष फर्मवेअरने झाकायची पहिली मोठी वेळ २००३ मध्ये आली. १९९७ च्या मूळ मानकातली वेप ही सुरक्षापद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली होती, पण तोवर असंख्य ॲक्सेस पॉइंट भिंतींवर लागले होते आणि त्यांच्यातल्या चिपना याहून जड एन्क्रिप्शन (संदेश गुप्त करण्याची क्रिया) पेलवणारे नव्हते. म्हणून टीकेआयपी ही तात्पुरती सुरक्षापद्धत आली : हार्डवेअर तेच, फर्मवेअर नवे. तिच्यातली संदेशाची खातरजमा, म्हणजे तो बनावट नाही ना याची तपासणी, चिपला झेपावी म्हणून मुद्दाम हलकी ठेवली होती. ती कमकुवत आहे हे करणाऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे ६० सेकंदांत दोनदा बनावट संदेश आढळला तर ॲक्सेस पॉइंटने पुढची ६० सेकंद सगळ्यांचाच संपर्क तोडायचा, असा नियम जोडला गेला. एखाद्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर सदोष असला तरी हा नियम लागू होई आणि सगळे एकदम बाहेर फेकले जात. ‘मधूनच सगळेच डिस्कनेक्ट होतात’ या जुन्या तक्रारीचे एक मूळ इथे आहे.

२००३ च्याच मे महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर (इतर उपकरणांना अचूक वेळ सांगणाऱ्या संगणकावर) विनंत्यांचा अचानक भडिमार सुरू झाला. हल्ला कुणी केलेला नव्हता. एका उत्पादकाने आपल्या स्वस्त राउटरांच्या फर्मवेअरमध्ये त्या सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा लिहून ठेवला होता, आणि उत्तर आले नाही की उपकरण दर सेकंदाला पुन्हा विचारत राही. अशी सात लाखांवर उपकरणे बनली होती. दुरुस्त फर्मवेअर निघाले, पण ते उपकरणात घालायचे कुणी? आपल्या राउटरमुळे दूरवर कुणाला त्रास होतो आहे हे मालकाला कळायला काही मार्गच नव्हता. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात हीच अडचण दिसते : दुरुस्ती तयार असते, पण ती उपकरणापर्यंत पोहोचत नाही.

खुल्या फर्मवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा फर्मवेअरचा, उगमही याच सुमाराचा. २००२ च्या अखेरीस आलेल्या एका खूप खपलेल्या राउटरमध्ये लिनक्स ही खुली प्रणाली असल्याचे उघड झाले, आणि तिच्या जीपीएल परवान्याप्रमाणे उत्पादकाला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे खुले फर्मवेअर उभे राहिले. २००५ मध्ये त्याच मॉडेलच्या नव्या आवृत्तीत उत्पादकाने फ्लॅश आणि रॅम या दोन्ही मेमरी निम्म्यावर आणल्या, लिनक्स काढून टाकले, आणि लिनक्सवाली आवृत्ती वेगळ्या नावाने विकायला ठेवली. मागणी होती हे यावरूनच दिसते.

डिसेंबर २०११ मध्ये डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्डऐवजी छोट्या पिनने उपकरण जोडण्याच्या सोयीचा, दोष बाहेर आला. आठ अंकी पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासले जात आणि शेवटचा अंक पडताळणीचा असे, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडे. उपाय साधा होता : डब्ल्यूपीएस बंद करा. पण काही मॉडेलांत सेटिंगमधले बटण बंद केल्यावरही आत ते चालूच राही. अशा वेळी मालकाच्या हातात काय उरते? उत्पादकाच्या अपडेटची वाट पाहणे, किंवा स्वतः दुसरे फर्मवेअर चढवणे. हा दुसरा पर्याय २०१५ मध्ये अमेरिकी नियामकाच्या एका निर्णयामुळे धोक्यात आला. त्या निर्णयाबद्दल अजूनही अर्धवट बोलले जाते, म्हणून तो नीट पाहायला हवा. त्याची सुरुवात रडारपासून होते.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ५२ ते १४४ हे चॅनेल वायफायला रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. ॲक्सेस पॉइंटने आधी ६० सेकंद ऐकायचे, रडार आढळल्यास चॅनेल सोडायचे आणि ३० मिनिटे तिथे परत यायचे नाही, असा नियम आहे. २००९ मध्ये पोर्तो रिकोतील सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारमध्ये व्यत्यय दिसू लागला. ही रडारे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर चालतात आणि विमान उतरताना घातक ठरणारे वाऱ्याचे झोत ओळखतात, त्यामुळे प्रश्न गंभीर होता याबद्दल वाद नाही. मात्र व्यत्यय आणणारी उपकरणे प्रामुख्याने इमारतींवर आणि टॉवरांवर लावलेल्या बाहेरच्या लांब पल्ल्याच्या लिंकची होती. घरातले राउटर हे मुख्य दोषी नव्हते.

म्हणून अमेरिकी दूरसंचार नियामकाने २०१४ मध्ये नियम केला की या पट्ट्यातील उपकरणांच्या रेडिओ सेटिंग कुणाला परस्पर बदलता येऊ नयेत. मार्च २०१५ मधल्या मार्गदर्शक टिपणात मात्र उत्पादकांना थेट विचारले गेले की डीडी-डब्ल्यूआरटीसारखे (हेही राउटरसाठीचे पर्यायी फर्मवेअर) बाहेरचे फर्मवेअर चढवण्यापासून उपकरण कसे सुरक्षित ठेवले आहे ते सांगा. नियम रेडिओपुरता होता, प्रश्न संपूर्ण फर्मवेअरचा. बऱ्याच स्वस्त राउटरांत रेडिओचा ड्रायव्हर आणि बाकीची प्रणाली एकाच प्रतिमेत (फर्मवेअरच्या एकाच फाइलमध्ये) असते. रेडिओ तेवढा वेगळा बंदिस्त करायला खर्च येतो, सगळ्यालाच कुलूप लावायला जवळजवळ काही येत नाही. उत्पादक कोणता मार्ग घेणार हे उघड होते.

विरोध जोरात झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी उलटी मागणी केली : फर्मवेअरचा सोर्स कोड जाहीर करा आणि सुरक्षा दुरुस्त्या वेळेत देण्याचे बंधन घाला. नोव्हेंबरमध्ये टिपणातला तो उल्लेख वगळला गेला आणि खुल्या फर्मवेअरवर बंदी घालण्याचा हेतू नसल्याचे स्पष्ट करण्यात आले. तरीही २०१६ च्या सुरुवातीला एका मोठ्या उत्पादकाने अमेरिकेत विकायच्या राउटरांना कुलूप लावलेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच उत्पादकाला दोन लाख डॉलर भरावे लागले, आणि ते ज्या कारणासाठी, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये देशाचा कोड बदलून २.४ गिगाहर्ट्झवर परवानगीपेक्षा जास्त शक्तीने प्रक्षेपण करता येत होते. म्हणजे नियम मोडला होता तो मूळ फर्मवेअरने. तडजोडीत बाहेरच्या फर्मवेअरला वाव देण्याची अटही घातली गेली. माझ्या मते संपूर्ण वादाचा निकाल या एका अटीत आहे. पण तोवर सही केलेले बूटलोडर, म्हणजे उत्पादकाची डिजिटल सही नसलेले फर्मवेअर सुरूच न होऊ देणारे प्रोग्राम, बाजारात रूढ झाले होते आणि त्यातले बरेच पुन्हा उघडले नाहीत.

त्याची किंमत ऑक्टोबर २०१७ मध्ये कळली. क्रॅक नावाच्या हल्ल्यात डब्ल्यूपीए२ (वेपनंतर रूढ झालेली वायफाय सुरक्षापद्धत) च्या चार टप्प्यांच्या जोडणीतला तिसरा संदेश पुन्हा पाठवून एन्क्रिप्शनची जुनीच किल्ली नव्याने बसवायला लावता येत असे. दोष मुख्यतः फोन-लॅपटॉपच्या बाजूचा, आणि कितीतरी फोनना अपडेट कधी मिळणारच नव्हते. म्हणून अनेक ॲक्सेस पॉइंटांत चालणाऱ्या होस्टएपीडी या प्रोग्रामात एक पर्याय आला : ॲक्सेस पॉइंटने तो संदेश पुन्हा पाठवायचाच नाही. सिग्नल क्षीण असेल तिथे यामुळे जोडणी फसते, तरीही जुन्या फोनना मिळालेले ते एकमेव संरक्षण होते. ज्यांचे ॲक्सेस पॉइंट बंदिस्त होते त्यांच्याकडे तो पर्याय येणे पूर्णपणे उत्पादकाच्या मर्जीवर होते. फास्ट रोमिंगमधला (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याच्या सोयीतला) दोष तर ॲक्सेस पॉइंटचाच होता; तिथे अपडेट येईपर्यंत ती सोय बंद ठेवणे एवढाच मार्ग. मे २०२१ मध्ये उघड झालेल्या फ्रॅगअटॅक्स या दोषांनी पुढे दाखवले की पॅकेटचे तुकडे जोडण्यातले काही दोष १९९७ पासून मानकातच होते.

मोठ्या कार्यालयांत अनेक ॲक्सेस पॉइंट कंट्रोलर या एकाच मध्यवर्ती उपकरणावरून चालवले जातात; त्यांची अडचण निराळी. एका उत्पादकाच्या उपकरणांत कारखान्यात बसवलेले, उपकरणाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र दहा वर्षांचे होते. मुदत संपताच धडधाकट ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरला जोडले जाईनात. तोडगा म्हणजे मुदत तपासणेच बंद करणारी एक कमांड, किंवा कंट्रोलरचे घड्याळ मागे नेणे. ४ डिसेंबर २०२२ नंतर त्याच उत्पादकाच्या काही जुन्या मॉडेलांना नवी फर्मवेअर प्रतिमाच उतरवता येईना, कारण सही तपासणारे प्रमाणपत्र संपले होते. पुन्हा घड्याळ मागे न्यायचे, प्रतिमा उतरवायची, घड्याळ पुढे आणायचे. घड्याळ मागे असताना लॉगमधल्या सगळ्या वेळा चुकतात आणि इतर प्रमाणपत्रांची तपासणीही बिघडू शकते, म्हणून हे काम कामकाजाच्या वेळेबाहेरच करावे लागते.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीचे तोडगे अजून चालू आहेत. जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालणाऱ्या मिश्र मोडमध्येही अडखळतात, कारण संरक्षित मॅनेजमेंट फ्रेम (जोडणी जुळवणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांचे संरक्षण) ऐच्छिक असल्याची नुसती घोषणाही त्यांच्या ड्रायव्हरला पचत नाही. त्यांच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झवर फक्त डब्ल्यूपीए२ असलेले वेगळे नेटवर्क ठेवणे हाच आजचा खात्रीचा उपाय. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिश्र मोडची सवलतच नाही, त्यामुळे तिन्ही पट्ट्यांवर एकच नाव ठेवणाऱ्यांना आता जुन्या उपकरणांसाठी दुसरे नाव काढावे लागते आहे.